ब्रेक ऑइलमधलं पाणी



या व्याख्यानमालेसाठी आम्ही विषय कळवला तेव्हा संयोजकांचा लगेच फोन आला. म्हणाले, "सर, ब्रेक म्हणजे मनाचा ब्रेक ना? संयम वगैरे?" आम्ही म्हटलं, "नाही हो, गाडीचा. पायाखाली असतो तो." आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसानं गाडीच्या ब्रेकवर बोलावं याचं त्यांना नवल वाटलं, आणि ते साहजिक आहे. पण या ब्रेकनं आम्हाला एक असा धडा दिला, जो आम्ही वर्गात फळ्यावर लिहून वर्षानुवर्षं शिकवत होतो आणि जो आम्हालाच कळलेला नव्हता. आज तो धडा सांगू. आणि त्याच्याबरोबर ब्रेकची एअर कशी काढतात, ब्रेक ऑइल कसं बदलतात, तेही सांगू. कारण नुसता धडा घेऊन घाट उतरता येत नाही.

आधी झालं काय ते ऐका. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. आम्ही शिराळ्याहून निघालो, कोकरूडवरून वारणा ओलांडली, मलकापूर मागे टाकलं आणि आंबा घाट उतरायला लागलो. रत्नागिरीकडे एका लग्नाला जायचं होतं. गाडी जुनी, आत पाच माणसं, टपावर सामान. आम्ही काय करत होतो, तर गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून, ब्रेकवर पाय टेकवून आरामात उतरत होतो. निम्मा घाट उतरलो असू. पुढं एक ट्रक होता. ब्रेक दाबला तर पेडल स्पंजासारखं लागलं. पुन्हा दाबला, तर पाय थेट खाली फळीला टेकला. गाडीचा वेग काही कमी होईना. हँडब्रेक ओढला, कसाबसा दुसरा गिअर टाकला आणि डोंगराच्या बाजूच्या चरात चाक घातलं. गाडी घासत घासत थांबली. कोणाला काही झालं नाही. पण आमची थोरली बहीण मागं बसली होती, ती पुढं तासभर एक शब्द बोलली नाही.

खरी गंमत पुढंच आहे. अर्ध्या तासानं आम्ही भीत भीत पेडल दाबून पाहिलं, तर ब्रेक एकदम कडक! जणू काही झालंच नव्हतं. हळूहळू खाली उतरलो, एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्यानं चारही चाकं पाहिली, कुठं गळती नाही, डबीतली पातळी बरोबर. तो म्हणाला, "काका, ब्रेक तर टकाटक आहे. तुमचा पाय घसरला असंल." आणि मंडळी, कबूल करायला लाज वाटते, पण आम्हालाही क्षणभर तसंच वाटलं. डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट, पण पुरावाच उरला नव्हता.

परत आल्यावर आमच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पेडलला हातही लावला नाही. एकच विचारलं, "सर, ब्रेक ऑइल कधी बदललंय?" आम्ही म्हटलं, "ते बदलतात होय?" त्यांनी मान हलवली. म्हणाले, "काय न्हाई झालं सर. पाणी उकळलं."

ब्रेकमध्ये पाणी आलं कुठून, ते उकळलं कसं, आणि नंतर गेलं कुठं? आजचं सगळं व्याख्यान या तीन प्रश्नांचं उत्तर आहे.

ब्रेक चालतो कसा ते आधी पाहू. आपण पेडल दाबतो तेव्हा पायाची ताकद चाकापर्यंत कशी पोचते? सुरुवातीच्या मोटारींत ती लोखंडी दांड्यांनी आणि तारांनी पोचायची. दांडी वाकली, तार ताणली गेली की एक चाक जास्त धरायचं, एक कमी, आणि गाडी एकीकडे ओढायची. मग द्रवानं ताकद पोचवायची युक्ती आली. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्युसेनबर्ग गाडीला चारही चाकांवर असे द्रवाचे ब्रेक होते. पण त्यामागचं तत्त्व त्याच्याही अडीचशे वर्षं आधीचं आहे, आणि ते मांडलं ब्लेझ पास्कल यांनी. हे पास्कल आमच्याच बिरादरीतले, तत्त्वज्ञ. १६२३ ते १६६२ एवढं थोडं आयुष्य. द्रवांच्या समतोलावरचा त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १६६३ साली छापला गेला. त्यांचं म्हणणं असं, की बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. एका बाजूला लहान दट्ट्या आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या शंभरपट क्षेत्रफळाचा मोठा दट्ट्या ठेवला, तर लहान दट्ट्यावर जोर लावणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांची बरोबरी करतो.

तुमच्या गाडीत नेमकं हेच आहे. पेडलच्या पुढं मास्टर सिलेंडर, तो लहान दट्ट्या. चाकापाशी कॅलिपरमधले किंवा ड्रमच्या आतल्या व्हील सिलेंडरमधले दट्टे. मधे बारीक नळ्या, आणि नळ्यांत ब्रेक ऑइल.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. ताकद वाढली की अंतर घटतं. पेडल चांगलं खाली जातं, तेव्हा चाकापाशी पॅड मिलिमीटरभरही सरकत नाही. याचा हिशेब करून पाहा. समजा मास्टर सिलेंडरचा व्यास २० मिलिमीटर आहे आणि त्यातला दट्ट्या जास्तीत जास्त ३० मिलिमीटर पुढं जातो. म्हणजे पेडल पार खालपर्यंत दाबलं तरी जेमतेम ९ ते १० घन सेंटिमीटर द्रव पुढं ढकलला जातो. दोन चमचेसुद्धा भरत नाहीत. टनभर वजनाची गाडी या दोन चमच्यांवर थांबते.

हे चालतं, कारण द्रव दाबला तरी आकसत नाही, निदान ब्रेकच्या हिशेबात धरावं इतका नाही. हवा मात्र आकसते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्यानं बंद करून दांडा दाबून पाहा, आत जातो आणि पुन्हा वर येतो. आता या नळ्यांत चार-पाच घन सेंटिमीटर हवा शिरली असं समजा. तुमच्या पायाची निम्मी धाव ती हवा आकसण्यातच संपणार. पॅड डिस्कला धरण्याआधीच पेडल खाली. म्हणून मिस्त्री ब्रेकची एअर काढतात. त्यालाच ब्लीडिंग म्हणतात. नळी सुटली, कॅलिपर बदललं, डबी रिकामी झाली, की हवा शिरते आणि ती काढावीच लागते.

आमच्या गाडीत मात्र हवा शिरलेली नव्हती. तिथं वाफ झाली होती.

इथं नावाचा एक घोळ सोडवू. आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते तेल नाही. ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे. हा शब्दच्छल समजू नका. 'ऑइल' या शब्दावर विश्वास ठेवून कोणी त्या डबीत इंजिन ऑइल ओतलं, तर आतली रबरी सीलं फुगतात, मऊ पडतात आणि सगळा ब्रेक निकामी होतो. नावावरून वस्तू ओळखू नये, हे आम्ही वर्गात सांगायचो. गॅरेजमध्ये ते जिवावरचं प्रकरण आहे.

या ग्लायकॉलचा स्वभाव असा, की ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. मीठ कसं पावसाळ्यात बरणीत ओलं होतं, तसं. डबीच्या झाकणाला हवा जाण्यायेण्यासाठी बारीक वाट असते, रबरी नळ्यांतूनही कणाकणानं ओल आत जाते. आणि आपला मुलूख कोणता? पश्चिमेला चांदोली, खाली वारणा, जून ते सप्टेंबर भिंतींना बुरशी येते अशी हवा. कपाटातले कपडे दमट होतात तिथं डबीतलं ब्रेक ऑइल कोरडं कसं राहील?

पाणी ओढून घेणं हा त्याचा दोषच आहे असंही नाही. पाणी त्यात मिसळलं नसतं तर थेंब थेंब वेगळे राहून सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे चाकापाशी साठले असते. तिथं गंज चढला असता आणि ते पाणी १०० अंशांच्या आसपास उकळलं असतं. ग्लायकॉल त्या पाण्याला आपल्यात सामावून घेतं, त्यामुळे धोका पुढं ढकलला जातो. पण टळत नाही. पाणी जसजसं वाढतं, तसतसा ब्रेक ऑइलचा उकळबिंदू खाली येतो.

किती खाली, त्याचे आकडे ठरलेले आहेत. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. डॉट ही अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. त्या मानकात प्रत्येक प्रकारासाठी दोन आकडे असतात, एक कोरडा आणि एक ओला. कोरडा म्हणजे नव्या, सीलबंद ब्रेक ऑइलचा. ओला म्हणजे त्यात वजनाच्या ३.७ टक्के पाणी शिरल्यावरचा. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलं झालं की हा आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. डॉट ५.१ चे २६० आणि १८०. म्हणजे शंभर भागांत चार भागही पाणी नाही, आणि उकळबिंदू ६५ ते ८० अंशांनी खाली!

आता उष्णता कुठून येते ते बघू. समजा तुमची गाडी माणसांसकट १२०० किलोची आहे आणि तुम्ही ५०० मीटर उंची उतरताय. उंचीवरून खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते ती कुठंतरी जिरावीच लागते. ती भरते सुमारे ५९ लाख ज्यूल. साध्या भाषेत, ३० अंशांवरचं २० लिटर पाणी उकळीला आणील एवढी उष्णता. आंघोळीचा मोठा बंब भरून. यातली काही हवेच्या विरोधात जाते, काही टायरमध्ये. गिअर खालचा असेल तर बरीचशी इंजिन पोटात घेतं. आणि आमच्यासारखा शहाणा वरच्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय टेकवून उतरला, तर जवळजवळ सगळी ब्रेकमध्ये. डिस्क काहीशे अंशांपर्यंत तापते. तिला चिकटून पॅड, पॅडला चिकटून दट्ट्या, आणि दट्ट्याच्या पाठीमागं लगेच ब्रेक ऑइल.

तिथं ते उकळलं. पाण्याच्या एका थेंबाची वाफ किती होते ठाऊक आहे? थेंब म्हणजे एका मिलिलिटरचा विसावा भाग धरू. उघड्या हवेच्या दाबाला त्याची वाफ ८० घन सेंटिमीटरच्या वर जाते. आणि पेडलची सगळी धाव ढकलते किती, तर ९-१० घन सेंटिमीटर. एका थेंबाचा काही अंश जरी वाफ झाला तरी पेडल खाली जायला तेवढं पुरतं.

मग अर्ध्या तासानं काय झालं? डिस्क निवली, वाफेचं पुन्हा पाणी झालं, पाणी पुन्हा ग्लायकॉलमध्ये मिसळलं. ब्रेक टकाटक. गॅरेजवाला खोटं बोलत नव्हता. त्यानं सपाट जागेवर, थंड ब्रेक तपासला आणि थंड ब्रेक खरोखरच चांगला होता. हा दोष असा आहे, की तो फक्त संकटाच्या वेळी दिसतो आणि संकट टळलं की स्वतःचा पुरावा पुसून टाकतो.

आता वर्गातला धडा. न्यायशास्त्रात व्याप्ती नावाची कल्पना आहे. जिथं जिथं धूर तिथं तिथं अग्नी, हे नेहमीचं उदाहरण. धूर दिसला तर अग्नीचं अनुमान बरोबर. पण उलटं म्हणून पाहा, जिथं अग्नी तिथं धूर. चूक! तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नैयायिक सांगतात, अग्नीपासून धूर निघायला आणखी एक अट लागते, ती म्हणजे ओलं जळण. आपण 'अग्नी म्हणजे धूर' म्हणतो तेव्हा ही अट न बोलता गृहीत धरलेली असते. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. जिला उपाधी आहे ती व्याप्ती खरी नव्हे, तिच्यावर अनुमान बांधू नये.

हे आम्ही किती वर्षं शिकवलं! आणि स्वतः काय करत होतो? 'पेडल दाबलं की गाडी थांबते.' काल थांबली, परवा थांबली, गेली सहा वर्षं थांबतेय, म्हणून आजही थांबेल. यातली लपलेली अट कोणती? नळीत शेवटपर्यंत द्रव असला पाहिजे, वाफ नव्हे. सहा वर्षं ती अट आपोआप पाळली जात होती, कारण शिराळा ते पेठ नाका या रस्त्यावर ब्रेक तेवढा तापतच नाही. त्यामुळे रोजचा अनुभव घाटाबद्दल काही सांगत नव्हता. आम्हाला वाटत होतं, ब्रेकची रोज परीक्षा होतेय. होत होती ती भलत्याच विषयाची. आणि योगायोग बघा, न्यायशास्त्राच्या उदाहरणात लपलेली अट ओलाव्याची आहे, आमच्या ब्रेकमध्येही ओलाव्याचीच निघाली.

यातून व्यवहाराचा नियम निघतो, तो आमच्या मते आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. टायर झिजला की दिसतो, पॅड संपत आले की कुईकुई वाजतात, बॅटरी मरताना सकाळी कुरकुरते. अशा वस्तू लक्षणं पाहून बदलल्या तर चालतं. ब्रेक ऑइलचं लक्षण मात्र फक्त अपघाताच्या दारात दिसतं. म्हणून ते लक्षणावर बदलायचं नाही, तारखेवर बदलायचं. आपल्या बत्तीस शिराळ्याच्या माणसाला नागाची ओळख आहे. नाग दिसतो म्हणून आपण पाऊल जपून टाकतो. जे दिसत नाही त्याच्यासाठी कॅलेंडर लागतं. बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत दोन वर्षं हा आकडा असतो, काहींत तीन. किलोमीटर कमी झाले म्हणून मुदत वाढत नाही, कारण उभ्या गाडीतही ओल शिरतच असते.

कोणी म्हणेल, रंग पाहून कळत नाही का? नवं ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असतं, जुनं तपकिरी-काळं होतं, हे खरं. काळं असेल तर बदलाच. पण फिकट आहे म्हणून चांगलं, असं म्हणू नका. पाण्याला रंग नसतो. पेनासारखा एक टेस्टर मिळतो, तो विजेच्या वहनावरून पाण्याचा अंदाज देतो, पण तो अंदाजच. दुसरी समजूत अशी, की डबीत वरून थोडं नवं ओतलं की झालं. नाही झालं. इंजिन ऑइल फिरत असतं, ब्रेक ऑइल फिरत नाही. नळीच्या टोकाशी, कॅलिपरमध्ये जे आहे ते वर्षानुवर्षं तिथंच असतं, आणि सगळ्यात जास्त तापतं तेही तेच. वर नवं दिसतं, खाली जुनं तसंच. म्हणून ते चाकापासून बाहेर काढावं लागतं. एअर काढायची आणि ऑइल बदलायची पद्धत एकच, फक्त बदलताना जास्त वेळ चालू ठेवायचं.

आता पद्धत. एकट्यानं करायचं काम नाही हे, दोघं लागतात. आणि आधी पुस्तिका वाचा. काही एबीएसच्या गाड्यांना आतली हवा काढायला स्कॅनर जोडावा लागतो, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांची रचना आणखी निराळी. त्यांच्या वाटेला घरी जाऊ नका. ज्यांनी कधीच पाना धरलेला नाही त्यांनी मिस्त्रींकडे जावं, पण काय करतात ते समोर उभं राहून पाहावं.

गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करा. चाकांना ठोकळे लावा. जॅकवर उचलली तर खाली घोडी लावल्याशिवाय हात घालू नका, नुसत्या जॅकच्या भरवशावर माणसं गेलेली आहेत. झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचंच ब्रेक ऑइल आणा. डॉट ३, ४ आणि ५.१ एका कुळातले आहेत, एकमेकांत मिसळतात. पण नुसतं डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, ते यांच्यात कधीही मिसळायचं नाही. आकडा जवळचा म्हणून नातं जवळचं समजू नका! बाटली सीलबंद घ्या. गेल्या वर्षी फोडून ठेवलेली बाटली म्हणजे वर्षभर ओल प्यालेली बाटली. साध्या मोटारीला एक लिटर पुरतं.

डबीचं झाकण उघडण्याआधी पुसून घ्या, आत धूळ जाता कामा नये. मोठ्या सिरिंजनं डबीतलं जुनं ऑइल ओढून काढा आणि नवं वरच्या खुणेपर्यंत भरा. मग चाकांचा क्रम. जुन्या, साध्या रचनेत मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्याकडे चालक उजवीकडे, म्हणजे आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, तो पुस्तिकेत दिलेला असतो.

चाकापाशी आतल्या बाजूला ब्लीडर निपल असतो, त्यावर रबराची टोपी. टोपी काढा, आधी रिंग पाना बसवा, मग निपलवर पारदर्शक नळी चढवा. नळीचं दुसरं टोक एका बाटलीत, थोड्या नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवा, म्हणजे हवा उलटी ओढली जाणार नाही. निपल गंजला असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबा. जोर केला तर तो तुटतो आणि खर्च वाढतो.

आता दोघांचा संवाद. आम्ही चाकापाशी, भाचा पेडलवर. आम्ही म्हणतो, "दाब." तो सावकाश दाबतो आणि म्हणतो, "दाबलंय मामा, धरलंय." मग आम्ही निपल पाव फेरा सैल करतो. जुनं काळपट ऑइल नळीत येतं, भाच्याचं पेडल खाली जातं, पण तो पाय उचलत नाही. आम्ही निपल बंद करतो. आणि बंद केल्यावरच म्हणतो, "सोड." हा क्रम चुकला, निपल उघडा असताना पाय उचलला, तर हवा उलटी आत ओढली जाते आणि केलेलं सगळं वाया जातं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नसतं, म्हणून प्रत्येक वेळी मोठ्यानं बोलायचं आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं. मनातल्या मनात समजून घ्यायचं नाही. जुन्या गाडीत पेडल पार खालपर्यंत दाबू नये. मास्टर सिलेंडरच्या ज्या भागात दट्ट्या रोज जात नाही तिथं गंज असतो आणि त्यावर सील फाटतं. पेडलखाली लाकडाची फळी ठेवली की काम होतं.

पाच-सहा वेळा दाबलं की डबी बघा. ती रिकामी होऊ द्यायची नाही. रिकामी झाली की वरून हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. नळीत स्वच्छ, फिकट ऑइल येईपर्यंत आणि एकही बुडबुडा दिसेनासा होईपर्यंत चालू ठेवा. मग निपल बेतानं आवळा, टोपी लावा, पुढच्या चाकाकडे जा.

चारही झाली की पेडल दाबून मिनिटभर धरा. कडक राहिलं तर ठीक. हळूहळू खाली सरकत असेल तर कुठंतरी गळती आहे किंवा मास्टर सिलेंडर गेलाय, ती गाडी बाहेर काढू नका. इंजिन चालू केल्यावर पेडल जरासं खाली जातं, ते बूस्टरमुळे, त्याची काळजी नको. मग मोकळ्या जागी, चालण्याच्या वेगानं, दोन-चार वेळा ब्रेक लावून पाहा. सांडलेलं ऑइल लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं. काढलेलं जुनं ऑइल विषारी असतं. ते मोरणेत, गटारात, शेताच्या बांधावर ओतायचं नाही, आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून तर मुळीच ठेवायचं नाही, घरात लेकरं असतात. बंद डब्यात भरून जुनं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

मोटारसायकलवाल्यांनी हा विषय आपला नाही असं समजू नये. पुढच्या डिस्क ब्रेकची छोटी डबी हँडलवर असते, त्यातही हेच ऑइल आणि हाच नियम. एसटीला आणि मोठ्या ट्रकला मात्र हवेचे ब्रेक असतात. पण तिथंही हवेच्या टाकीत साठलेलं पाणी काढून टाकावं लागतंच.

एक शंका नेहमी येते. आजकालच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाटा असतात, एक गेली तरी दुसरी उरते, एबीएस असतं, मग भीती कशाला? नळी फुटली तर दुसरी वाट उपयोगी पडते, हे बरोबर. पण ओल शिरते ती दोन्ही वाटांत सारखीच, कारण दोन्हींत ऑइल एकाच वेळी भरलेलं, एकाच वयाचं. आणि एबीएस चाक अडकू देत नाही, पण तेही द्रवाच्याच दाबावर चालतं.

शेवटी घाटाबद्दल. ज्या गिअरनं घाट चढाल त्याच गिअरनं उतरा, हे जुने ड्रायव्हर सांगतात, ते भौतिकशास्त्रच आहे. ब्रेक सतत घासत ठेवू नका. ठामपणे लावा, वेग कमी करा, सोडा, त्याला निवू द्या. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल टाकून किंवा इंजिन बंद करून घाट उतरणारे अजूनही दिसतात. इंजिन बंद झालं की दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर बूस्टरची मदत संपते आणि पेडल दगडासारखं होतं. वाचलेलं पेट्रोल किती, आणि पणाला लावलेलं काय! पेडल मऊ लागलं तर भराभर पंपिंग करा, खालचा गिअर टाका, हँडब्रेक हळूहळू ओढा, डोंगराची बाजू धरा. थांबल्यावर तासभर तरी हलू नका. थांबल्या थांबल्या डिस्कची उष्णता आत शिरते, तेव्हा पेडल आणखी मऊ होऊ शकतं. नंतर ते कडक झालं तरी फसू नका, आम्ही फसलो होतो. तिथून हळूहळू गॅरेज गाठा आणि ब्रेक ऑइल बदलूनच पुढं जा.

आमच्या मिस्त्रींनी त्या दिवशी नवं ऑइल भरल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूनं तारीख लिहिली. खडू पुसला जातो, म्हणून आम्ही आता कागदाची पट्टी चिकटवतो. आज घरी गेलात की बॉनेट उघडा आणि आठवा, शेवटचं ऑइल कधी बदललं होतं. तारीख आठवली नाही, तर उत्तर मिळालं असं समजा. घाटात उतरायचं असेल तर त्याआधी बदलून घ्या.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.